कोरडी वाळू, हिरवळ, ओली वाळू

पहाटे साडेपाच

आज शनिवार आणि कोजागिरी. पौर्णिमेला न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर सकाळी आठच्या आसपास भरती येते आणि दुपारी दोनच्या सुमारास ओहोटी, तीही उधाणाची. मुरुडला माझे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत. पौर्णिमेची तिथी पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. अटलांटिकच्या या काठावर तो आकडा जुळत नाही, पण तिथी बघून दिवस आखणं मी सोडलेलं नाही. पौर्णिमा-अमावास्येला पाणी नेहमीपेक्षा बरंच आत हटतं आणि एरवी बुडालेली वाळू तास-दीड तास उघडी पडते. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यासाठी तेवढा वेळ लाखमोलाचा.

डिकीत तीन यंत्रं ठेवली. गॅरेटचा एस 250, गॅरेटचाच एटी प्रो आणि मिनलॅबचा इक्विनॉक्स 800. तीन कशाला, एकच भारीतलं घ्यावं की, असं मला नेहमी विचारतात. तीन ठिकाणी जायचं आहे म्हणून तीन.

पावणेसात

एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवेने लाँग ब्रँचला पोचले. उन्हाळ्यात इथे वाळूवर पाय ठेवायला पैसे पडतात. लेबर डे उलटला की किनारा मोकळा. डिटेक्टर चालतो की नाही, कुठल्या वेळेत चालतो, हे मात्र प्रत्येक गावाचं वेगळं. नव्या गावात गेलं की मी आधी पालिकेत विचारते.

भरती चढत होती, म्हणून सुरुवात वरच्या कोरड्या वाळूत केली. हातात एस 250. चार पेन्सिल सेलवर चालणारं, सव्वा किलोचं यंत्र. खालची कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, धातू भेटला की त्यात भोवरेदार प्रवाह फिरतात आणि त्यांचा प्रतिसाद थोडा उशिरा परत येतो. त्या उशिरावरून यंत्र लोखंड, अॅल्युमिनियम, चांदी असा अंदाज बांधतं. एस 250 हे काम साडेसहा किलोहर्ट्झच्या एकाच वारंवारितेवर करतो, आणि कोरड्या वाळूला तेवढं पुरतं. लोक जिथे चादरी पसरून बसतात तो पट्टा, व्हॉलीबॉलच्या जाळ्याखालची जागा, बोर्डवॉकच्या पायऱ्यांचा तळ. नाणी पडतात ती इथेच. शिकणाऱ्याने पहिली काही वर्षं याच यंत्रावर काढावीत असं माझं ठाम मत आहे. आवाज ओळखायला कान तयार होतो.

तासाभरात पाव डॉलरची काही नाणी, खेळण्यातली मोटार, डोक्याच्या पिना आणि बरेचसे एक सेंट मिळाले. 1982 नंतरचा सेंट वरून तांब्याचा दिसतो, आत जस्त असतं. खाऱ्या वाळूत वर्षभर राहिला तरी कडा झिजतात, अंगावर खड्डे पडतात, मधोमध आरपार भोक पडलेलं नाणंही हाती येतं. लिंकनचा चेहरा गेलेला असतो आणि तारीख अर्धीच उरलेली असते.

सव्वाआठला लाटेने भिजलेल्या वाळूपर्यंत गेले आणि एस 250 किंचाळायला लागला. खाली धातू नव्हता. खारं पाणी स्वतःच विजेचं वाहक आहे, त्यामुळे एकाच वारंवारितेच्या यंत्राला ओली वाळू म्हणजे एक भलामोठा धातूचा पत्रा वाटते. संवेदनशीलता कमी केली की यंत्र गप्प होतं, पण मग त्याला खोलवरचं काही कळत नाही. मी ते बंद केलं.

साडेनऊ

भरती उतरेपर्यंत बाग. इथून थोड्या अंतरावर टाउनशिपची जुनी बाग आहे, तिथल्या उद्यान खात्याची लेखी परवानगी माझ्या पाकिटात असते. राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत डिटेक्टर बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, हे नवख्यांना मी पहिल्याच भेटीत सांगते.

बागेत एटी प्रो. पंधरा किलोहर्ट्झचा आणि जमिनीतल्या खनिजांप्रमाणे हाताने जुळवून घेता येणारा. बागेच्या मातीत खिळे फार. चांदीचं नाणं खिळ्याला चिकटून पडलेलं असलं तर दोन्हींचे आवाज एकमेकांत मिसळतात, आणि ते वेगळे ऐकू येणं हीच या यंत्राची कमाई. लोखंडाचा आवाजही मी बंद करत नाही. कुठे खिळे जास्त आहेत हे कळलं की जुनं घर किंवा कुंपण कुठे होतं तेही कळतं.

ओकच्या झाडाखाली पाच इंचांवर स्वच्छ, दोन्ही बाजूंनी सारखा आवाज आला. हिरवळ तीन बाजूंनी कापायची, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवायची आणि गवताचा तुकडा उलटा करायचा. माती फडक्यावर काढायची, पिनपॉइंटरची, म्हणजे हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरची, टोकदार नळी खड्ड्यात फिरवायची आणि वस्तू निघाली की सगळं परत दाबून बसवायचं. उठल्यावर मलाच जागा सापडू नये इतकं नीट. बागांमधून डिटेक्टर हद्दपार होतात ते उघड्या टाकलेल्या खड्ड्यांमुळे, आणि असे खड्डे टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. निघाली ती 1964 ची दहा सेंटची डाइम. नव्वद टक्के चांदी असलेल्या डाइमचं ते शेवटचं वर्ष. अंगठ्याने माती पुसली तर खालचा धातू काल टांकसाळीतून आल्यासारखा पांढरा. चांदी मातीतून अशी पांढरी निघते, हे मला अजूनही दर वेळी नवीन वाटतं.

तेवढ्यात फोन आला. मराठी मंडळात तोंडओळख झालेला एक मुलगा.

"काकू, तुम्ही मशीन घेऊन बीचवर जाता ना? काल दुपारी पाण्याच्या काठाशी फ्रिस्बी खेळत होतो, अंगठी उडाली. लग्नातली आहे हो. घरी अजून सांगितलं नाहीये."

"इकडचीच का तिकडची?"

"पुण्याची. बावीस कॅरेट."

"दीड वाजता ये. आणि काल जिथे उभा होतास तिथून काढलेला एखादा फोटो असेल तर शोधून ठेव."

बारा

डबा खाल्ला तो लाँग ब्रँचच्याच एल्बरॉन भागात, गाडीत बसून. इथे आलं की डिटेक्टरची एक जुनी गोष्ट आठवते. 1881 च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे अडकली हे कळेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं विद्युत्-प्रवर्तनाचं यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेले. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी आवाजाचा गोंधळ केला आणि डॉक्टरांनी शोध उजव्या अंगालाच घेऊ दिला. गोळी डाव्या बाजूला होती. समुद्राची हवा मानवेल म्हणून अध्यक्षांना एल्बरॉनला आणलं, आणि 19 सप्टेंबरला ते इथेच गेले. बेल यांच्या यंत्राचं तत्त्व अचूक होतं. आजूबाजूच्या लोखंडाने त्याला बहिरं केलं. माझ्या हातातल्या यंत्रांपुढची अडचणही नेमकी तीच आहे.

एक ते साडेतीन

ओली वाळू, इक्विनॉक्स. 2018 साली बाजारात आलेलं हे ऑस्ट्रेलियन यंत्र एकाच वेळी अनेक वारंवारिता सोडतं. मीठ प्रत्येक वारंवारितेला वेगळा प्रतिसाद देतं, धातूही देतो, पण दोघांची तऱ्हा निराळी. त्या फरकावरून यंत्र मिठाचा हिशेब वजा करतं. सकाळी जिथे एस 250 किंचाळत होता तिथे हे शांत चाललं.

खाऱ्या पाण्यावर दुसरा उपाय म्हणजे पल्स इंडक्शन. गॅरेटचा सी हंटर त्या जातीचा, मी वापरून पाहिलाय. विजेचा झटका द्यायचा, थांबायचं आणि मग ऐकायचं. मिठाचा प्रतिसाद क्षणात विरतो, धातूचा रेंगाळतो. खोली भरपूर मिळते, पण लोखंड-सोन्यात भेद करता येत नाही, म्हणजे प्रत्येक पिनेसाठी खणायचं. माझ्या पाठीला ते झेपत नाही.

या किनाऱ्याची आणखी एक अडचण आहे. 2012 च्या सँडी वादळानंतर लष्कराच्या अभियंता दलाने समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्यांवर ओतली. जुन्या वस्तू त्याखाली कुठल्याकुठे गेल्या. म्हणून मी उतार जिथे संपतो तिथली घळ शोधते. खडे, शिंपल्यांचा चुरा आणि मासेमारीची शिशाची वजनं एकत्र दिसली की तिथेच ठाण मांडायचं. शिसं जिथे थांबतं तिथे सोनंही थांबतं.

अंगठीवाला मुलगा बायकोला घेऊन आला. म्हणजे घरी सांगून झालं होतं. फोटोत दगडी बांध आणि मागची इमारत दिसत होती. त्या दोन्हींच्या रेषेत त्याला उभा केला आणि काल जशी फेकली तशी फ्रिस्बी फेकायला लावली. हात कुठे झटकतो ते पाहिलं. मग वाळू चाळायच्या जाळीदार स्कूपच्या टोकाने वाळूवर समांतर रेघा ओढल्या आणि एकेक पट्टा घेत गेले, कॉइल वाळूला जवळजवळ टेकवून.

धातूप्रमाणे यंत्र जे आकडे दाखवतं त्यांबद्दल इथे थोडं सविस्तर सांगायला हवं. इक्विनॉक्सच्या पडद्यावर पाच सेंटचं नाणं तेराच्या आसपास दिसतं आणि कॅनच्या पुल टॅबही तिथेच आगेमागे. अमेरिकन दुकानातली चौदा कॅरेटची अंगठी याच पट्ट्यात कुठेही येते. सोनं आणि अॅल्युमिनियम यांची खात्रीने फारकत करणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही. जाहिरात काहीही म्हणो. आपलं बावीस कॅरेट मात्र वीज जास्त सहज वाहून नेतं, त्यामुळे त्याच मापाची अंगठी वर सरकते, नेमकी जस्ताच्या सेंटच्या आकड्यांत. बरेच हौशी लोक ते आकडे कंटाळून सोडून देतात. साखळ्यांचं आणखी अवघड. बारीक साखळीत प्रवाह एकेका कडीपुरताच फिरतो, म्हणून तोळ्याची साखळीसुद्धा यंत्राला जेमतेम कळते. मंगळसूत्र हरवलं तर यंत्राला बहुधा वाट्याच सापडतात.

पाचव्या पट्ट्यात एकवीस-बावीस आलं. आकडा सेंटचा, पण सेंटसारखा थरथरणारा नाही. कुठूनही कॉइल फिरवली तरी गोल, भरीव आवाज. स्कूप पूर्ण आत घातला, उचलला, लाटेत हलवला. वाळू गळून गेली आणि जाळीच्या तळाशी पिवळी अंगठी उरली. आतल्या बाजूला 916 चा शिक्का. मधल्या दोन भरत्यांनी तिला वीतभर खाली नेलं होतं.

दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तिने मला वाकून नमस्कार केला, तिथेच, ओल्या वाळूत.

संध्याकाळी सात

यंत्रं गोड्या पाण्याने पुसली, कॉइलच्या झाकणातली वाळू काढली, शिसं आणि पुल टॅब वेगळ्या डब्यात टाकल्या. दूध आटतंय. केशर घालायचं बाकी आहे.

सुट्टीत येताना डिटेक्टर अलिबागला आणता का, असं भाचा विचारतो. नाही आणत. भारतात 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कुलाबा किल्ल्यासारखं संरक्षित स्मारक असलं तर तिथे खणण्याचा विचारही करू नये. वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी पडली होती यावरून इतिहास कळतो, आणि आपण ती उपटून काढली की तो पुसला जातो.

वाचकांना एवढीच विनंती. गार पाण्यात बोटं आकसतात, तेव्हा समुद्रात उतरण्याआधी अंगठी काढून ठेवा. तरी हरवलीच, तर वाळू उकरत बसू नका. आहात तिथेच उभे राहा, दोन पक्क्या खुणा दिसतील असे फोटो काढा, वेळ लिहून ठेवा आणि डिटेक्टरवाल्या कुणाला तरी त्याच दिवशी फोन करा.