भरतकाम आणि दूरचा गुरू

सुरत शहराच्या उत्तर भागात, तापी नदीपासून जवळच असलेले कतारगाम हे पूर्वी एक खेडे होते. तेथील पापडीच्या शेंगांची कीर्ती अद्याप टिकून आहे; हिवाळ्यात उंधियू करावयाचे तर पापडी कतारगामचीच हवी, असा खवय्यांचा आग्रह असतो. आज मात्र कतारगाम ओळखले जाते ते हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांसाठी. या कामानिमित्त सौराष्ट्रातून आलेली हजारो कुटुंबे येथे स्थायिक झाली आहेत. अशा वस्तीतील एखाद्या गृहिणीने दुपारचे काम आवरून मोबाइलच्या छोट्याशा पडद्यासमोर सुई-दोरा घेऊन बसावे आणि शेकडो मैलांवरील शिक्षिकेकडून भरतकामाचा धडा घ्यावा, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. परंतु जी विद्या पिढ्यान्‌पिढ्या मांडीला मांडी लावून शिकली गेली, ती अशी दुरून शिकता येईल काय? आणि आली, तरी तिचा लाभ कोणता?

प्रथम जुनी रीत कशी होती ते पाहू. सौराष्ट्रातील कणबी आणि काठी घराण्यांत मुलीच्या लग्नाची तयारी तिच्या बालपणीच सुरू होई. दारावरचे तोरण, भिंतीवर लावावयाचे चौकोनी चाकळे, बैलांच्या झुली, घागरे आणि चोळ्या यांवर रेशमी किंवा सुती दोऱ्याने भरत भरले जाई. मधून मधून आभले, म्हणजे आरशाचे बारीक तुकडे, बसवले जात. ही कला शिकविण्यासाठी वर्ग नव्हते. मुलगी आई-आजीच्या शेजारी बसे, प्रथम सुई ओवून देई, मग कडेचे सोपे टाके घाली. टाका चुकला की आजी कापड हातात घेई, ते उलटे करून पाही आणि दोरा उसवून परत देई. शिक्षण म्हणून काही वेगळे घडते आहे, हे दोघींच्याही ध्यानात येत नसे.

कुटुंबे शहरात आली आणि ही साखळी तुटली. शहरातील खोलीत मोठी तोरणे लावावयास जागा नाही, बैल तर नाहीतच. आणि लग्नातील कपडे बाजारातून येऊ लागले. सुरत हे यंत्रावरील भरतकामाचे मोठे केंद्र झाले. संगणकावर चालणारे यंत्र एका वेळी अनेक सुया चालवून जे काम अल्पावधीत उरकते, त्यासाठी हाताला अनेक दिवस लागतात. आजीची पेटी घरात राहिली, पण तिच्यातील चाकळा कसा भरला, हे सांगणारे कोणी उरले नाही.

दूरच्या गुरूची कल्पना मात्र अगदीच नवी नव्हे. १९६९ साली कच्छमधील दुष्काळात चंदाबेन श्रॉफ मदतकार्यासाठी धाणेटी गावी गेल्या, तेव्हा तेथील स्त्रियांना फुकटचे अन्न घेणे अपमानास्पद वाटते असे त्यांना आढळले. या स्त्रिया भरतकामात निपुण होत्या. त्यांना साड्यांवर भरतकाम करण्यास देऊन त्याचा मोबदला देण्याची व्यवस्था चंदाबेननी केली आणि त्यातून ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली. पुढे या संस्थेने निरनिराळ्या जमातींच्या भरतकामाचे उत्कृष्ट नमुने तयार करवून ते गाडीतून गावोगाव फिरविले. कारण खुद्द कच्छमध्येही नव्या पिढीला आजीचे टाके पाहावयास मिळेनासे झाले होते. नमुना शिकणाऱ्याच्या दारी जातो, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले होते. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि २०२० च्या टाळेबंदीत सारी शाळा घरात आली, तेव्हा त्या गाडीची जागा पडद्याने घेतली. लंडनच्या ‘रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क’ या १८७२ साली स्थापन झालेल्या संस्थेनेही २०२१ साली जगभरच्या टाक्यांचा संग्रह इंटरनेटवर खुला केला.

पडद्याचे गुण उघड आहेत. वर्गात पंधरावीस बायका एका शिक्षिकेभोवती जमल्या, तर मागच्या रांगेतील बाईला सुईचे टोक दिसत नाही. पडद्यावर ते बोटाएवढे मोठे दिसते. गाठीचा टाका घालताना दोरा सुईभोवती किती वेळा गुंडाळला, हे चित्रफीत थांबवून दहा वेळा पाहता येते, आणि दहाव्यांदा विचारल्याबद्दल कोणी कपाळाला आठी घालीत नाही. जिला घरातून बाहेर पडण्यास सवड किंवा मुभा नाही, तिलाही विद्या मिळते. आणखी एक लाभ शिकविणारीच्या बाजूचा आहे. दूरच्या खेड्यातील कसबी स्त्रीला शहरातील मध्यस्थावाचून, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या अंगणात बसून शिकवता येते.

अडचण सुरू होते ती येथून पुढे. पडद्यावर कापडाची सुलटी बाजू दिसते. भरतकाम मात्र दोन्ही बाजूंनी घडत असते. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे आरीचे काम. कच्छ-सौराष्ट्रातील मोची कारागिरांनी चामडे टोचण्याच्या आरीवरून घेतलेले हे तंत्र. सतराव्या शतकाच्या अखेरीस याच साखळी टाक्याने भरलेले गुजराती पडदे युरोपात जात असत, आणि त्यांतील काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आजही जपून ठेवलेले आहेत. या कामात उजव्या हातातील आकडीदार आरी कापडात वरून शिरते. खाली डावा हात दोरा धरून असतो. तो दोरा आकडीला अडकवतो आणि आरी किंचित वळून त्याचा फासा वर ओढून आणते. बघणाराचे सारे लक्ष उजव्या हाताकडे असते, परंतु निम्मे काम डाव्या हाताचे आहे, आणि तो हात कापडाखाली दडलेला आहे! आईजवळ बसलेली मुलगी वाकून खाली पाहू शके. पडद्यासमोर बसलेली बाई कितीही वाकली तरी तिला खालचा हात दिसत नाही. जाणती शिक्षिका म्हणून एखादा धडा पातळ, पारदर्शक कापडावर घेते, किंवा दुसरा मोबाइल चौकटीखाली लावते.

दुसरी अडचण ताणाची. दोरा किती ओढावा, हे डोळ्यांना कळत नाही; ते बोटांनाच कळते. साखळी टाका फार ओढला तर कापड चुणते, सैल सोडला तर कडी लोंबते. आभले बसविताना तर ताणावरच सर्व अवलंबून असते. आभल्याला भोक नसते. म्हणून त्याच्यावरून आडव्या-उभ्या दोऱ्यांची चौकट प्रथम घालावी लागते आणि त्या चौकटीला धरून भोवतालचे टाके घ्यावे लागतात. हे टाके चौकट बाहेरच्या बाजूस खेचतात. म्हणून ती आरंभी काठापासून आत आणि घट्ट असावी लागते; काठालगत घातली तर आभले निसटून पडते. हे चित्रफितीत सांगता येते, परंतु शिकणारणीची चौकट घट्ट आहे की नाही, हे शिक्षिकेला बोट लावल्यावाचून कसे समजावे?

येथे एक साधा उपाय आहे, आणि या विषयातील खरी किल्ली तीच होय. शिकणारणीने आपल्या कामाचे छायाचित्र शिक्षिकेला धाडताना कापडाच्या उलट्या बाजूचेही धाडावे. दोरा कोठे सुरू झाला, कोठे संपला, एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत तो लांब ओढत नेला की काय, गाठी किती पडल्या, ताण सर्वत्र सारखा आहे काय, या सर्वांची साक्ष उलटी बाजू देते. सुलटी बाजू ठाकठीक दिसत असली तरी एक धुणे होताच टिकाव धरणारे काम कोणते आणि उसवणारे कोणते, ते मागून ओळखता येते. आजी कापड उलटून पाही, ती हेच पाहत असे.

काही परंपरांत तर उलटी बाजू हीच कामाची बाजू आहे. सिंधमधून कच्छमध्ये आलेल्या सोढा आणि मेघवाळ स्त्रियांचे ‘सूफ’ भरत त्रिकोणी आकृत्यांचे असते. ते काढण्यापूर्वी कापडावर एकही रेघ आखली जात नाही. ताण्याबाण्याचे धागे मोजून, कापडाच्या मागल्या बाजूने हे भरले जाते आणि नक्षी पलीकडे, सुलट्या अंगाला उमटते. आपल्या सीमाभागातील मराठी घरांना परिचित असलेली कर्नाटकी कशिदा पाहा. तिच्यातील ‘गवंती’ प्रकारात धावदोऱ्याने एकदा जाऊन त्याच वाटेने परत यावयाचे असते, मोकळ्या जागा भरल्या जातात आणि दोन्ही बाजू एकसारख्या दिसतात. दोऱ्याची गाठ कोठेही मारावयाची नाही. असे काम केवळ सुलट्या बाजूचे चित्र पाहून कोणी नकलू म्हणेल, तर आकृती उतरेल, विद्या उतरणार नाही.

आता लाभाचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही, कारण कतारगामसारख्या वस्तीत फावल्या वेळेलाही किंमत असते. हिऱ्यांच्या धंद्यात मंदी आली, जशी ती २००८ साली आली होती, की घरातील स्त्रीच्या चार पैशांना एकाएकी महत्त्व येते. सुरतेत घरबसल्या मिळणारे काम बहुतेक नगावर असते. साडीला खडे-टिकल्या चिकटविणे, लेस लावणे, किंवा यंत्रभरतकामाच्या मागे लोंबणारे धागे कापणे. कापडाची उलटी बाजू दिवसभर या स्त्रियांच्या हाती असते, पण ती फक्त साफ करण्यापुरती. अशा स्थितीत ‘हा वर्ग करा आणि घरबसल्या भरपूर कमवा’ अशी जाहिरात डोळ्यांसमोर आली, तर मोह पडणे स्वाभाविक आहे. तेव्हा स्पष्ट सांगितले पाहिजे की काही आठवड्यांच्या वर्गाने उपजीविका हाती येत नाही. हाताला एकसारखा टाका घालण्याची सवय लागण्यास महिने लोटतात. आणि त्यानंतरही यंत्राच्या भावाने हातकाम विकावयास निघणारीचे श्रम मातीमोल होतात. ज्याला हाताचे काम ओळखता येते, असा गिऱ्हाईक मिळाला तरच त्याचे मोल होते.

मग शिकावे कशासाठी? एक कारण त्या घरातील पेटीतच आहे. सौराष्ट्र-कच्छमधील कितीतरी जुनी तोरणे आणि चाकळे फेरीवाल्यांनी कवडीमोलाने नेले, कापले आणि त्यांच्या तुकड्यांच्या पिशव्या व भिंतीवरचे पडदे करून विकले. विकणाऱ्यांना आपण काय देत आहोत हे ठाऊक नव्हते. जिने स्वतः एक आभले नीट बसविले आहे, एक वीतभर साखळी उसवून पुन्हा घातली आहे, तिला आजीच्या चाकळ्यातील श्रम मोजता येतात. ती तो सहजासहजी विकणार नाही. फाटला तर त्याच टाक्याने सांधील. आणि विकलाच, तर त्याची किंमत जाणून विकील. पाहण्याची ही दृष्टी बाजारात विकत मिळत नाही, ती हातानेच यावी लागते.

शिकू इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टी पारखून घ्याव्यात. शिक्षिका केवळ चित्रफिती देते, की आपले काम पाहून चुका सांगते? ती आपल्या नमुन्याची परंपरा आणि जमात यांची नावे घेते काय? कॅमेरा तिच्या समोर आहे की खांद्यावरून रोखलेला आहे? समोरून घेतलेल्या चित्रात डावे-उजवे उलटते आणि नवशिकी गोंधळून जाते. आरंभ साध्या सुती कापडावर करावा. रिंगमधील कापड इतके ताणावे की टिचकी मारताच ढोलकीसारखे वाजावे. दोरा हातभराहून लांब घेऊ नये. लांब दोरा नेढ्यातून वारंवार ओढला जाऊन झिजतो आणि गुंततो. सहापदरी दोऱ्याचे पदर एकेक करून सोडवावेत. आणि शक्य असेल तर दोघी-तिघी शेजारणींनी एकाच पडद्यासमोर एकत्र बसावे. म्हणजे दूरच्या गुरूला जे हाताने चाचपून पाहता येत नाही, ते शेजारीण पाहू शकेल.

कतारगामच्या वस्तीत सौराष्ट्रातून आलेली एखादी वृद्धा अजूनही असते. तिला मोबाइल चालवता येत नसेल, परंतु डोळ्याने साथ दिली तर टाका ओळखता येतो. धडा आटोपल्यावर आपले कापड तिच्या हाती द्यावे. ती काय पाहते, याकडे लक्ष ठेवावे. बहुधा ती ते प्रथम उलटे करील.