विश्लेषण : उन्हाळ्यात कोथिंबीर का टिकत नाही? छोट्या अंगणातील बागेचे वेळापत्रक कसे असावे?

पहिला पाऊस पडला की रोपवाटिकांत गर्दी होते. टोमॅटोपासून पुदिन्यापर्यंत सगळी रोपे एकाच फेरीत घरी येतात आणि दिवाळीपर्यंत अनेक कुंड्या रिकाम्या होतात. मग ‘आपल्या हाताला गुण नाही’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चुकतो तो मुहूर्त आणि कोपरा. इमारतींनी वेढलेल्या पुण्यातील अंगणाचे उदाहरण घेऊन हे समजून घेऊ.

अंगणातले ऊन कुठे जाते?

पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. त्यामुळे अंगणाच्या दक्षिणेला १० मीटर उंचीची इमारत असेल, तर तिची सावली दुपारी उत्तरेकडे सुमारे ९ मीटर पसरते. मेच्या मध्यावर मात्र सूर्य थेट डोक्यावर येतो आणि भर दुपारी ही सावली जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे हिवाळ्यात काळोखा असलेला कोपरा मे महिन्यात भाजून निघतो.

हे तपासायला खडू पुरेसा आहे. सुटीच्या दिवशी सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता उन्हाची कड फरशीवर आखावी. डिसेंबर, मार्च आणि मे अशी तीनदा आखणी केली की अंगणाचा नकाशा हाती येतो. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी या फळभाज्यांना किमान सहा तास ऊन लागते. पालेभाज्यांचे तीन-चार तासांत भागते.

पावसाळ्यात काय लावावे?

जून ते सप्टेंबर हा वेलांचा काळ. दोडका, कारले, पडवळ, काकडी यांना दोरी किंवा जाळीचा मांडव दिला की जमीन थोडीच अडते. भेंडी आणि अळूही याच दिवसांत जोमाने वाढतात. मेअखेर किंवा जूनमध्ये लावलेली हळद आणि आले पाने पिवळी पडून वाळल्यावर, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत काढता येते.

या ऋतूत रोपे तहानेने नव्हे, तर मुळे कुजून मरतात. नुसती काळी माती कुंडीत घट्ट बसते आणि पाणी धरून ठेवते. म्हणून माती, कोकोपीट आणि शेणखत किंवा गांडूळखत समप्रमाणात घ्यावे. कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे तळाची भोके मोकळी राहतात.

डासांचे काय?

डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे कुंडीखालच्या थाळ्या आठवड्यातून एकदा रिकाम्या कराव्यात. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी अनेक महिने तग धरतात. म्हणून थाळी नुसती ओतून न देता घासून घ्यावी.

हिवाळा सर्वांत सोपा का?

थंडीत किडींचा जोर तुलनेने कमी आणि पाण्याची गरज बेताची असते. ऑक्टोबरची उष्णता ओसरली की मेथी, पालक, शेपू, मुळा, कोथिंबीर आणि लसूण लावावा. मेथी महिन्याभरात, तर कोथिंबीर दीड महिन्यात काढणीला येते. धणे रगडून दोन फोडी करून पेरावेत. सगळे बी एकदम न पेरता १५ दिवसांच्या अंतराने पेरले, तर भाजी सलग मिळते.

टोमॅटोची रोपे सप्टेंबरमध्येच तयार करावीत. उशीर झाला तर फुलोरा उन्हाळ्यात सापडतो आणि कडक उष्णतेत फुले गळतात. मावा दिसल्यास लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणद्रावणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे.

उन्हाळ्यात काय तगते?

दिवस मोठा झाला आणि पारा चढला की कोथिंबीर, पालक पाने वाढवण्याऐवजी तुरे काढून बी धरू लागतात. खत वाढवून हे थांबत नाही. मार्च ते मे गवार, चवळी, भेंडी आणि लाल माठ घ्यावा. पुदिना अर्ध्या सावलीत ठेवावा. ५० टक्के सावलीची हिरवी जाळी आणि मातीवर पालापाचोळ्याचे दोन-तीन इंची आच्छादन असले, की पाण्याची बरीच बचत होते. पाणी सकाळी लवकर द्यावे.

अंगणातली वाळकी पाने जाळू नयेत. दोन भाग पाने आणि एक भाग स्वयंपाकघरातील ओला कचरा झाकणाच्या, भोके पाडलेल्या डब्यात टाकून अधूनमधून हलवला, तर तीन महिन्यांच्या आसपास खत तयार होते.

हेच वेळापत्रक सगळीकडे चालेल का?

तंतोतंत नाही. कोकणात पाऊस कितीतरी अधिक, म्हणून निचऱ्याची काळजी जास्त. विदर्भात मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे जाळी आधी बांधावी लागते. चार बाय दहा फुटांच्या पट्ट्याने मंडईची फेरी टळणार नाही. पण ऋतू आणि ऊन पाहून पेरले, तर रोपांवरचा खर्च वाया जात नाही आणि आठवड्यातून एक-दोनदा ताटात घरची ताजी भाजी येऊ शकते.