न आलेल्या ड्रायव्हरची बैठक

गाडीचा एकही पत्रा अजून कापलेला नसतो, तेव्हाच तिच्या रचनाकारांना एक प्रश्न सोडवावा लागतो: ड्रायव्हरचे डोळे नेमके कुठे असतील? आरसे, छताची उंची, समोरच्या काचेशेजारच्या खांबाची जाडी, सगळं त्या उत्तरावर अवलंबून. डोळे कुठे असतील ते माणूस कसा बसेल त्यावर ठरतं, आणि बसणारा तर अजून आलेलाच नाही.

अमेरिकी मोटर उद्योगाने 1960च्या दशकात यासाठी एक यंत्र प्रमाण मानलं, एच-पॉइंट मशीन. पाठीचा आणि मांड्यांचा कडक साचा, त्याला जोडलेले पाय आणि वर रचायची वजनं, सारं मिळून सुमारे 76 किलो. ते सीटमध्ये बसवलं की माणसाचा खुबा साधारण जिथे येईल तो बिंदू मिळतो. आजही सीटची मापं या बिंदूपासून घेतात. सीटबद्दल हे यंत्र खरं सांगतं. पण माणूस सीट किती मागे सरकवेल, पाठ किती टेकवेल, हे त्याला विचारून उपयोग नाही.

मग संगणकावरची माणसं आली. बोईंगमध्ये विल्यम फेटर यांनी 1960च्या दशकातच वैमानिकाची आकृती संगणकाकडून काढून घेतली. पुढे ब्रिटनचा सॅमी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा जॅक, जर्मनीचा रॅमसिस. या पुतळ्यांची हाडं-सांधे मापाबरहुकूम होते, तरी त्यांना गाडीत बसवायचं काम पुष्कळदा इंजिनिअरच्या हातीच राही. दोन इंजिनिअर एकाच पुतळ्याला दोन तऱ्हांनी बसवत, आणि डोळ्यांची जागा तेवढ्याने हलत असे.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मिशिगन विद्यापीठाच्या परिवहन संशोधन संस्थेतलं काम. अ‍ॅन आर्बर गावातली ही संस्था 1965ची. तिथे मॅथ्यू रीड आणि सहकाऱ्यांनी 68 ड्रायव्हरांना 18 वेगवेगळ्या मांडण्यांत बसवून पाहिलं. सीटची उंची, स्टिअरिंगचं अंतर, गादीचा उतार बदलायचा. प्रत्येकाने आपल्या सोयीने सीट सरकवून गाडी चालवायच्या बेताने बसायचं. मग शरीरावरच्या हाडांच्या खुणांची जागा अवकाशात नोंदवायची. खांद्याचं टोक सहज सापडतं. कटीच्या पुढच्या हाडांसाठी मात्र पोटाच्या मांसातून चाचपावं लागतं, आणि खुब्याचा सांधा तर हाताला लागतच नाही, तो या खुणांवरून हिशोबाने काढावा लागतो. किचकट, चिकाटीचं काम, पण त्यातून जे निघालं ते कुठल्याही मापपट्टीला सापडलं नसतं.

स्टिअरिंग दूर नेलं की माणूस कोपर आणि गुडघे जास्त सरळ करतो, धड मात्र फारसं हलवत नाही. स्त्री आणि पुरुष यांच्या बसण्यातला फरक मुख्यतः शरीराच्या आकारामुळेच आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एकाच उंचीची दोन माणसं घेतली तरी एक ताठ बसतो, दुसरा रेलून. ही ढब मांडणी बदलली तरी बरीचशी टिकते, आणि उंची-वजनाच्या नेहमीच्या मापांवरून ती ओळखता येत नाही. सवय शरीराच्या मापात मावत नाही, हे आकड्यांनी सिद्ध झालं याचा मला मनापासून आनंद वाटतो.

यावरून 2002मध्ये प्रसिद्ध झालेलं त्यांचं गणित साधं आणि शहाणं आहे. पायापासून वर एकेका सांध्याचा कोन ओळखत गेलं, तर प्रत्येक सांध्याची चूक साचत साचत डोळ्यांपर्यंत मोठी होते. म्हणून त्यांनी उलट केलं: उंची, वजन, धडाचं प्रमाण आणि गाडीची मांडणी यांवरून आधी खुबा आणि डोळे यांची जागा थेट काढायची, मग हात-पाय-कणा त्यांच्यात जुळवून बसवायचे. जे अचूक असायला हवं ते आधी. पुढे जॅकमध्ये या पद्धतीला जागा मिळाली. सरासरीभोवती किती पसारा आहे हेही हे गणित सांगतं, आणि माझ्या मते त्याची खरी किंमत इथेच आहे.

आपल्याकडे देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय शरीरमापांचं पुस्तक तयार केलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ते 1997मध्ये प्रसिद्ध केलं. पुण्या-चाकणच्या रचनाकाराला ते हवंच. पण अ‍ॅन आर्बरचा धडा मानायचा तर मापांची कोष्टकं पुरणार नाहीत. चपला घालून, कधी अनवाणी पेडल दाबणारी माणसं प्रत्यक्ष बसलेली नोंदवायला हवीत. बुटकी बाई पेडलपर्यंत पाय पोचावा म्हणून सीट पुढे ओढते आणि छाती एअरबॅगजवळ येते. अमेरिकेची सुरक्षा यंत्रणा मध्ये किमान 25 सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगते. स्टिअरिंग किती मागेपुढे व्हायला हवं, सीटची उंची किती बदलता यायला हवी, हे पडद्यावर अशा शेकडो जणी बसवून, त्यांतल्या ताठ बसणाऱ्या आणि रेलणाऱ्या दोघींनाही धरून ठरवता येतं.