मुलांना अजिंठा शिकवायचाय? आधी सन सांगू नका, चित्र दाखवा

अजिंठ्यात लेणी किती? 30. कोणत्या जिल्ह्यात? छत्रपती संभाजीनगर. एवढं बऱ्याच मुलांना पाठ असतं. पण तिथल्या भिंतींवर काय रंगवलंय, असं विचारलं की गाडी अडते. चित्रकलेच्या तासाला मुलं चित्रं काढतात, इतिहासाच्या तासाला सनावळ्या घोकतात. जुनं चित्र निवांत बघायला तासच नाही.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन यांनी यासाठी एक साधी पद्धत तयार केली. चित्र समोर ठेवायचं, थोडा वेळ गप्प बसायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. या चित्रात काय चाललंय? तुला असं कशावरून वाटलं? अजून काय दिसतंय?

खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणि घ्या. कुणी म्हणेल, हा राजा. कशावरून? मुकुट आहे ना! दुसऱ्याला हातातलं कमळ दिसेल, तिसऱ्याला बाजूची माकडं. राजा असून नजर खाली का, असंही एखादी विचारेल. आता सांगा की हा बोधिसत्त्व आहे, जगाचं दुःख बघणारा. पद्मपाणि म्हणजे ज्याच्या हातात कमळ आहे तो. चित्र साधारण पाचव्या शतकातलं. प्रश्न मुलांनीच विचारलेला असतो, त्यामुळे उत्तर ऐकायला कान टवकारलेले असतात.

रंगांकडेही लक्ष वेधा. काळा काजळीचा, तांबडा-पिवळा गेरूसारख्या मातीचा. निळा मात्र लॅपिस लाझुली या दगडाचा, आणि तो यायचा आजच्या अफगाणिस्तानाच्या बाजूने. इथे नकाशा काढा, व्यापाराचा धडा आपोआप सुरू होतो.

एक सावधगिरी. मुलांच्या पुस्तकांत अनेकदा अशी चित्रं कार्टूनसारखी, चकचकीत रंगात नव्याने काढलेली असतात. गोष्ट सांगायला ती ठीक, पण सोबत मूळ चित्राचा फोटो हवाच, पोपडे उडालेल्या जागांसकट.

त्या पोपड्यांवरूनही शिकवता येतं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बऱ्याच 1885 मध्ये लंडनमधल्या आगीत गेल्या. उरलेल्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. अशी एखादी नक्कल आणि त्याच चित्राचा आजचा फोटो शेजारी ठेवा आणि मुलांना शोधायला सांगा, मधल्या काळात भिंतीवरून काय काय गेलं?