तुकडे जमिनीचे, दुखणं वेगळंच

कबनूरच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट ऐकला, की १९१८ सालचा एक निबंध आठवतो. जमिनीचे तुकडे पडले म्हणून शेतकरी गरीब, असं तेव्हा जाणकार सांगत. त्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी प्रश्नच उलटा केला: एकर किती ते सोडा; त्या एकरावर बैल, अवजारं, भांडवल किती आणि खाणारी तोंडं किती? जादा हात कारखान्यांकडे वळले, तरच शेती सावरेल. ही नजर कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मनांच्या हाताखाली तयार झाली. पण जातीच्या चटक्यांनी आधीच ती धारदार केली असावी. लंडनचे गुरू कॅनन यांनी तर शिष्याच्या रुपयावरच्या ग्रंथाला प्रस्तावना देताना मतभेदही नोंदवले. असा गुरू मिळायला हवा! आंबेडकरांचं कबनूरच्या परिसराशीही नातं आहे: मार्च १९२० मध्ये शाहू महाराजांनी त्यांना ज्या माणगावच्या परिषदेत गौरवलं, ते माणगाव कबनूरच्याच हातकणंगले तालुक्यात आहे.