फणसाडचं वेळापत्रक

फणसाडला पहिल्यांदा गेलेला माणूस दुपारी परतताना हमखास एक तक्रार करतो: "जंगल छान आहे हो, पण पक्षी कुठे आहेत?" तक्रार खोटी नसते. सुपेगावच्या बाजूने आत शिरावं, तासभर पाचोळा तुडवावा आणि लांबवर चाललेली कुटुरग्याची कुटुर्र-कुटुर्र सोडली तर काही कानावर पडू नये, असं तिथे सहज होतं. मग एखाद्या वळणावर अचानक डोक्यावरची फांदीन् फांदी हलायला लागते. पाच मिनिटांत डझनभर जाती समोरून जातात, दुर्बीण कुणाकडे वळवावी कळत नाही, आणि पुन्हा सामसूम. याला लोक नशीब म्हणतात. माझं म्हणणं असं की फणसाड हे वेळापत्रकावर चालणारं जंगल आहे. वेळ साधली नाही तर कितीही पायपीट करा, हाती घाम तेवढा लागतो.

मुळात हे जंगल इथे उरलं कसं, हेच नवल. काशीदची वाळू आणि मुरूडचे माड इथून हाकेच्या अंतरावर, मुंबई काही तासांवर, आणि तरी 50 चौरस किलोमीटरांहून थोडं मोठं दाट रान डोंगरांवर टिकून आहे. कारण फारसं उदात्त नाही. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांची ही राखीव शिकारीची जागा होती. नवाबाला सावज हवं होतं म्हणून झाडं वाचली. 1986 मध्ये त्याचं अभयारण्य झालं. इथे चार महिने पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ थेंब नसतो. त्या आठ महिन्यांत जंगलाला तगवतात ती पाण्याची ठिकाणं. इथले लोक त्यांना 'गाण' म्हणतात. फणसाडचं गाण, चिखलगाण अशी त्यांची नावं. मे महिन्यात बाकीचं रान करपलेलं असताना गाणाभोवती सावली गच्च असते. तिथे गप्प बसून राहिलं तर हरियालांचा थवा पाण्यावर उतरतो, आणि वरच्या फांद्यांत शेकरू आपल्याकडे बघून खेकसतं.

तर तो पाच मिनिटांचा गलबला. पक्षीनिरीक्षक त्याला मिश्र थवा म्हणतात, आणि तो योगायोगाने जमलेला जमाव नसतो. निखार शेंड्याला, सुभग आणि हरेवा पानापानांत, सुतार खोडावर, नीलमणी आणि स्वर्गीय नर्तक मधल्या मोकळ्या जागेत, अशी प्रत्येकाची जागा वाटून घेतलेली. एकाच्या हालचालीने उडालेला किडा दुसऱ्याच्या तोंडी जातो, आणि इतके डोळे एकत्र असले की शिक्रा नजरेतून सुटत नाही. सगळे मिळून रानातून पुढे सरकत राहतात. म्हणजे जंगलातले बरेचसे किडेखाऊ पक्षी एका वेळी एकाच ठिकाणी गोळा झालेले असतात, आणि बाकीचं जंगल खरोखरच रिकामं असतं. आपली वाट त्यांच्या वाटेला छेदून गेली तर पक्षी दिसतात, एरवी नाही.

या मेळ्यात सगळ्यात आधी ओळखावा तो भृंगराज. काळा कुळकुळीत, कपाळावर कुरळा तुरा, आणि शेपटीची बाहेरची दोन पिसं लांबच लांब. त्या पिसांची गंमत जवळून पाहावी: मधली काडी उघडी असते आणि टोकाला तेवढी पिसाची पीळदार झुपकी. तो फांद्यांतून उडत गेला की मागे दोन भुंगे लागल्यासारखे वाटतात. भृंगराज पानं चाळत बसत नाही. थव्याच्या मध्ये उघड्या फांदीवर बसतो, इतरांनी उठवलेले किडे हवेतच टिपतो, आणि शिकारी पक्षी आला की पहिली हाकाटी त्याची. थव्याला फुकटचा पहारेकरी मिळतो, पहारेकऱ्याला फुकटचं जेवण.

शिवाय तो पट्टीचा नकलाकार. फणसाडमध्ये आधी शिक्रा, मग हळद्या, मग मांजर ऐकू यावं आणि वर पाहिलं तर एकटा भृंगराज बसलेला असावा, हे नेहमीचं. या नकला हौसेखातर असतील असं आपल्याला वाटतं. पण श्रीलंकेच्या सिंहराजा जंगलात त्याच्या जवळच्या भाईबंदावर गुडेल आणि कोटगामा या संशोधकांनी काम केलं, तेव्हा दिसलं की नकलांनाही जागा-वेळ असते. धोक्याच्या प्रसंगी तो शिकारी पक्ष्यांचे आणि इतर पक्ष्यांच्या भीतीचे आवाज काढतो. निवांत असताना त्याच पक्ष्यांच्या साध्या लकेरी. कोणता आवाज कुठे वापरायचा हे त्याला ठाऊक असतं. आफ्रिकेतल्या कलाहारीत त्याचा चुलतभाऊ, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल, याच हुशारीवर पोट भरतो. कुणी चांगला घास पकडला की तो खोटी हाकाटी देतो, समोरचा घास टाकून पळतो, कोतवाल घास उचलतो. एकच फसवी हाक चालेनाशी झाली की तो दुसऱ्या जातीची हाक काढून पाहतो. 2014 मध्ये टॉम फ्लॉवर यांच्या चमूने हे प्रसिद्ध केलं. आमच्याकडचा भृंगराज इतका लबाड आहे का, ते सांगायला मी धजणार नाही, पण त्याच्या नजरेत प्रामाणिकपणा मला कधी दिसलेला नाही.

म्हणून जंगलात उजाडता उजाडता शिरायचं आणि चालण्यापेक्षा थांबायचं जास्त. भृंगराजाची खणखणीत शीळ ऐकू आली की तिकडे धाव न घेता ती कुठे सरकते आहे ते पाहायचं आणि पुढे जाऊन बसायचं. थवा येतो. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणारे गट हल्ली फार झालेत. विणीच्या दिवसांत पिलं सोडून खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला पक्ष्याला भाग पाडणं हा शुद्ध दुष्टपणा आहे.

दहा वाजले की जंगल गप्प होतं. मग उतरताना वेलींकडे बघावं. मांडीएवढ्या जाड वेलीवरून मीटरभर लांब, गाठीगाठीची शेंग लोंबताना दिसली तर ती गारंबी. तिच्या एकेका गाठीत चपटी, गुळगुळीत, तपकिरी बी असते, पाचेक सेंटिमीटर रुंद. ती हातात घेतली की अंदाजापेक्षा हलकी लागते, कारण दोन डाळिंब्यांच्या मध्ये हवेची पोकळी असते. पावसात बी ओढ्यात पडते, ओढा खाडीत नेतो, खाडी समुद्रात. आणि टणक सालीमुळे ती महिनोन् महिने खाऱ्या पाण्यात तरंगूनही रुजायची धमक राखते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून ऑस्ट्रेलियापर्यंत ही एकच जात सापडते, त्यात या पोहण्याचा वाटा मोठा. डोंगरात वाढणाऱ्या वेलीची बी समुद्राच्या तयारीनेच जन्माला येते!

आणि इथूनच दुसरं वेळापत्रक सुरू होतं, ते भरतीचं. रेवदंड्याची किंवा राजपुरीची खाडी भर भरतीला पाहिली तर तिवरांपर्यंत नुसतं पाणी. पूर्ण सुकती असताना गेलं तर पक्षी पार लांब, चिखलात ठिपक्यांएवढे. पाणी उतरायला लागल्यावरचे पहिले दोन-तीन तास सोन्यासारखे. ते गाठायला कोकणातल्या दर्यावर्दींचा जुना हिशेब पुरतो: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. हिशेब ठोकळ आहे. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते आणि सूत्र 45 च धरतं, त्यामुळे पंधरवड्याच्या अखेरीपर्यंत तूट वाढत जाते. तरी सहल आखायला तो पुरे. द्वितीया-तृतीयेला जा: सकाळ जंगलात, दीड-दोनला भरती, आणि तीननंतर खाडीवर चिखल उघडा पडत असताना तुम्ही काठावर.

हिवाळ्यात त्या चिखलावर जे चालतं ते तासन् तास बघण्यासारखं. छोटे चिखल्या तिबेट आणि मध्य आशियाच्या उंच पठारांवरून आलेले असतात. त्यांची चोच आखूड, डोळे मोठे: चार पावलं धावायचं, थबकायचं, दिसलं ते टिपायचं. तुतवारांच्या कुळातले पक्षी मात्र बघण्यापेक्षा चाचपतात. त्यांच्या चोचीच्या टोकाला बारीक खळग्यांत स्पर्श ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे चिखलात दडलेला जीव न दिसताच कळतो. कोरलची बाकदार चोच तर मादीत 15 सेंटिमीटरांहूनही लांब. अख्खी चोच न उघडता नुसतं टोक उघडून ती बिळातला खेकडा धरते. बाहेर काढल्यावर तो झटकते, आपटते, नांग्या-पाय गळून पडले की उरलेला गोळा गिळते. प्रत्येकाच्या चोचीची लांबी वेगळी, म्हणून एकाच चिखलात शेजारी शेजारी चरूनही फारसं भांडण नाही. डोक्यावरून समुद्री गरुड गेला तर मात्र सगळे एकदम उठतात.

तिसरं वेळापत्रक पावसाचं. जूनच्या पहिल्या सरींबरोबर दक्षिणेकडून तिबोटी खंड्या येतो: चिमणीपेक्षाही लहान, अंगावर जांभळा-नारिंगी-निळा असा रंगांचा कल्लोळ, पायाला तीनच बोटं. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत तो बोगदा खणतो आणि पिलांना सापसुरळ्या, बेडूक, खेकडे, कोळी आणून घालतो. तो रात्री प्रवास करतो, आणि वाटेत दिव्यांमुळे बावचळून घरांच्या काचांवर आदळतो. त्या दिवसांत अलिबाग-मुरूडकडे खिडकीखाली असा रंगीत गोळा पडलेला दिसला तर पाणी पाजायच्या फंदात पडू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. नुसता गांगरलेला असेल तर तास-दोन तासांत सावरतो. मग झाडीजवळ खोकं उघडायचं. नाहीच सावरला तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.