घाटाच्या पायऱ्या आणि कोकणचा किनारा

काशीतील अहिल्याबाई घाट अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधविला. मराठी माणसाला त्याविषयी आपुलकी वाटते ती इतिहासामुळे. परंतु त्याची रचनाही विचारार्ह आहे. पावसाळ्यात गंगा चढते तेव्हा खालच्या पायऱ्या बुडतात; पाणी ओसरले की त्या पुन्हा उघड्या पडतात. नदी स्थिर नसते, पण तिच्या चढउताराला मर्यादा असते, हे येथे गृहीत धरलेले आहे.

कोकण-गोव्याच्या खाजणशेतीचा आधारही हाच होय. खाडीकाठच्या बांधात बसविलेली झडप भरतीच्या दाबाने मिटते व ओहोटीला उघडते. गोव्यात तिला ‘मानस’ म्हणतात. ‘खाजण’, ‘खारबंदिस्ती’, ‘उधाण’, ‘कांदळवन’ हे शब्द म्हणजे किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञानच आहे.

ती मर्यादा आता सरकत आहे. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरील बर्फ वितळून समुद्रास मिळते; त्यामुळे 1901 ते 2018 या काळात जगातील सरासरी समुद्रपातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडचा किनारा गाठला आणि श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा उन्मळून पडल्या. एका वादळाचा संपूर्ण दोष हवामानबदलावर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि उष्ण समुद्र वादळांना अधिक बळ पुरवितो, हे निर्विवाद आहे.

जागतिक प्रदूषणात कोकणाचा वाटा अल्प. मग भार त्याने का उचलावा, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. ट्रॉम्बे, डहाणू, जयगड येथील कोळशावरील वीजकेंद्रे या किनाऱ्यावरच उभी आहेत. शिवाय बांध उंचावणे आणि कांदळवने राखणे हे उपाय पाणी एका मर्यादेत राहिले तरच पुरे पडतील. ती मर्यादा टिकविण्यासाठी कोळशाची जागा सूर्य व वारा यांनी घ्यावयास हवी.

काशीत अलीकडे अनेक नावांची डिझेल इंजिने जाऊन त्यांच्या जागी सीएनजी इंजिने आली. त्यामुळे धूर कमी झाला. पण तेही खनिज इंधनच. त्याला पहिली पायरी म्हणावे, अखेरची नव्हे.

भाषेच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. खाजणे खाऱ्या पाण्याखाली गेली, तर ‘मानस’ हा शब्द कोशात राहील. त्याची उघडझाप जाणणारा माणूस मात्र उरणार नाही.